उंदरांचा ‘स्टार्टर सेट’: खोक्यातलं ठेवायचं काय, काढायचं काय

पाळीव उंदीर घरी आणायचे ठरले की पहिल्यांदा हाती लागतो तो तयार संच. रंगीत खोकं, त्यावर बहुतेक वेळा हॅमस्टरचं (उंदरासारख्याच पण जाडजूड पाळीव प्राण्याचं) चित्र, आणि आत सगळं एकत्र: प्लॅस्टिकच्या ट्रेवर बसणारा तारेचा पिंजरा, छोटं चाक, पाण्याची बाटली, खाण्याची वाटी, प्लॅस्टिकचं घरकुल, दोन-तीन पारदर्शक नळ्या, रंध्याच्या भुशाची पिशवी, दाण्यांच्या मिश्रणाचं पाकीट, मिठाची चकती आणि मोठ्या संचात आत बसून फिरायचा पारदर्शक चेंडू. कंपन्यांची नावं वेगवेगळी, माल जवळपास एकच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या प्रकारच्या संचाचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. या दहा वस्तूंपैकी तीन चांगल्या, तीन थोडी डागडुजी केली किंवा दुसऱ्या कामाला लावल्या तर चालणाऱ्या, आणि चार पहिल्याच दिवशी बाजूला काढायच्या. गंमत अशी की त्यातली सगळ्यात कामाची वस्तू खोक्यावर लिहिलेल्या कामासाठी कामाची नाहीच. तिच्याकडे पुढे येऊ.

पिंजरा

या पिंजऱ्याचा तळ साधारण ३० × २३ सेंमी असतो. शेपटी सोडून आठ-दहा सेंमी लांबीच्या प्राण्याला एवढा पुरेल असं वाटतं, कारण दुकानात आपण उंदीर दिवसा पाहतो आणि दिवसा तो झोपलेला असतो. रात्री तोच उंदीर धावतो, चढतो, खणतो, दाणे एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात दडवतो, झोपायची जागा आणि लघवीची जागा वेगळी ठेवायला बघतो. ३० सेंमीच्या तळात या दोन जागा वेगळ्या राहत नाहीत. दोन-तीन दिवसांत सगळा तळ ओला होतो, अमोनियाचा वास सुटतो आणि ‘उंदीर फार घाण करतात’ असा निष्कर्ष निघतो. घाण पिंजऱ्याच्या मापात आहे.

तीन माद्यांसाठी आमच्या मते ६० × ४० सेंमीपेक्षा लहान तळ नको आणि उंची ४० सेंमीच्या आसपास हवी. उंचीचा हिशोब सोपा आहे: खाली बारा सेंमी भुसा, त्यावर वीस सेंमीचं चाक आणि चाकाचा स्टँड. एवढ्यातच ३५ सेंमी संपतात.

दुसरा प्रश्न सळ्यांमधल्या फटीचा. हे पिंजरे हॅमस्टरसाठी बेतलेले असल्यामुळे फट ९ ते १० मिमी असते. उंदराची कवटी जिथून निघते तिथून बाकीचं अंग निघतंच. बरगड्या दबतात, अंग लांब होतं. पारख करायची तर साधी लिहायची पेन्सिल फटीत घालून बघा. ती आरपार गेली तर सहा आठवड्यांचा उंदीरही जाईल. फट ६ मिमीच्या आत असली पाहिजे. आणि सळ्या दाराच्या कोपऱ्यांत, ट्रेच्या कडेला, बाटलीच्या आकड्यापाशी जास्त उघडलेल्या असतात. माप मधल्या सळ्यांचं घेतलं आणि उंदीर कोपऱ्यातून गेला, हे नेहमीचं आहे.

ट्रेची खोली तीन-चार सेंमी. त्यात दहा सेंमी भुसा घालायचा म्हटलं तर तो सळ्यांतून बाहेर, जमिनीवर. हा दोष कुठल्याही युक्तीने जात नाही, म्हणून मुख्य घर म्हणून हा पिंजरा बाद. पण टाकून देऊ नका.

मुख्य घरासाठी दोन पर्याय आहेत. जाळीचं झाकण असलेली काचेची टाकी चालते, पण पसरट हवी. खोल आणि अरुंद टाकीत तळाशी हवा कोंडते. झाकण पूर्ण जाळीचं असावं, अर्धं काचेचं नको. दुसरा पर्याय म्हणजे सामान ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा. आम्हाला हाच जास्त पटतो: हलका, धुवायला सोपा, आणि भुसा कितीही खोल घाला.

डबा स्वतः करायचा तर झाकणाचा मधला भाग आणि दोन समोरासमोरच्या बाजूंचा वरचा अर्धा भाग कापायचा, कडेला तीन सेंमीची चौकट सोडायची. पातळ प्लॅस्टिक करवतीने तडकतं. कोपऱ्यांना आधी ड्रिलने भोकं पाडली आणि मग कापलं की चीर पुढे धावत नाही. जाळी ६ मिमी चौकोनाची, वेल्ड केलेली घ्या. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी दोन सेंमी मोठी कापून ती आतून लावायची. बाहेरून लावली तर प्लॅस्टिकची कापलेली कड आत उघडी राहते, आणि उघडी कड म्हणजे दातांना आयतं निमंत्रण. दोन-तीन रात्रींत भोक मोठं होतं. दर आठ-दहा सेंमीवर नट-बोल्ट आणि रुंद वॉशर. गोंद किंवा ग्लू गनवर विसंबू नका, तो कुरतडला जातो. जाळीची तुटकी टोकं आत वळवून पक्कडीने चेपा, बोट फिरवून बघा. झाकणाच्या क्लिपा सैल वाटल्या तर वरून पट्टा.

चाक

संचातलं चाक ११-१२ सेंमी व्यासाचं, आडव्या सळ्यांचं. चारपैकी पहिली बाद वस्तू ही, आणि सगळ्यात आधी काढायची.

उंदीर एका रात्रीत चाकावर काही किलोमीटर धावतो. एवढं अंतर लहान चाकावर पार करताना त्याची पाठ सतत मागे वाकलेली राहते आणि शेपटी पाठीवर कमानीसारखी वळते. बाजूने बघा: धावताना पाठ सरळ आणि शेपटी मागे पसरलेली दिसली तर चाकाचं माप बरोबर. मोठ्या झालेल्या उंदराला १८ ते २० सेंमी व्यास लागतो. लहान पिल्लाला छोटं चाक पुरतं म्हणून घेऊ नये, पिल्लू सहा-आठ आठवड्यांत मोठं होतं.

सळ्यांच्या चाकात पाय घसरून अडकतो. त्याहून वाईट म्हणजे चाकाला आधार देणारी पट्टी आणि फिरणाऱ्या सळ्या यांच्यामधली कात्रीसारखी जागा. एक उंदीर धावत असताना दुसरा आत शिरतो आणि शेपटी किंवा पाय तिथे सापडतो. धावायची पट्टी अखंड हवी, मागची बाजू बंद हवी, पुढून उघडी, आधार फक्त मागे.

आवाजाची तक्रार सगळेच करतात. जुन्या चाकात लोखंडी दांडा प्लॅस्टिकच्या भोकात फिरतो, तिथे चिरचिर होते. खायच्या तेलाचा एक थेंब आठवडाभर चालतो. मशीनचं तेल नको, ते चाटलं जातं. बेअरिंगचं चाक घेतलं तर हा प्रश्न उरत नाही, पण बेअरिंगमध्ये लघवी आणि भुशाची धूळ जाते. महिन्यातून एकदा ते काढून गरम पाण्याने धुवून पूर्ण वाळवा.

चाक भुशावर ठेवू नका. खालून खणलं गेलं की ते कलतं, नाहीतर पट्टीखाली भुसा साचून अडतं. तळावर उलटी ठेवलेली जड मातीची कुंडी किंवा लाकडी चौरंग, त्यावर चाक, आणि पट्टी भुशाच्या दोन सेंमी वर. चाक सकाळी लघवीने माखलेलं असतं, कारण उंदीर धावता धावता खुणा करत जातात. एक ओला कपडा फिरवला की झालं.

भुसा, आणि तो किती

पिशवी फोडल्यावर पाइनचा किंवा देवदाराचा छान वास आला, तर तोच नापसंतीचा शेरा. हा वास लाकडातल्या बाष्पशील द्रव्यांचा असतो. बंद जागेत ती उंदराच्या श्वासनलिकेला त्रास देतात आणि यकृतातल्या एंझाइम्सचं काम बदलतात. प्रयोगशाळांनी कच्चा पाइन आणि सिडर टाळायला सुरुवात केली ती यामुळेच. ‘लॅव्हेंडर’, ‘लेमन’ असं लिहिलेला सुगंधी भुसा तर नकोच नको. अस्पेन या झाडाचा भुसा, कागदी लगद्याचे तुकडे किंवा हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) काड्यांचे तुकडे हे तिन्ही चांगले. धूळ किती आहे ते बघायला मूठभर भुसा टॉर्चच्या उजेडात हातातून खाली सोडा. उजेडात ढग दिसला तर ती पिशवी परत करा.

संचातली पिशवी ट्रेत दोन सेंमीचा थर देते. उंदीर खणणारा प्राणी आहे. थर दहा सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याला बोगदा करता येत नाही, वरून ढासळतो. १२ ते १५ सेंमी थर आणि त्यात मधूनमधून वाळलेलं गवत किंवा कागदाच्या पट्ट्या मिसळल्या की बोगदे टिकतात. नुसता अस्पेन मोकळा असतो, कागदी भुसा धरून राहतो. दोन भाग कागदी आणि एक भाग अस्पेन हे मिश्रण आम्हाला सर्वांत सोयीचं वाटलं.

घरट्याचं सामान खोक्यात असलंच तर कापसासारखी मऊ गुंडाळी असते. ती काढून टाका. तिचे बारीक चिवट धागे पायाभोवती आवळतात, पिल्लांच्या तर हमखास, आणि रक्तपुरवठा तुटून पाय जातो. त्याऐवजी बिनवासाचे, बिनछापील टिश्यू आणि कागदाच्या लांब पट्ट्या द्या, एका घरट्यासाठी आठ-दहा ग्रॅम. हे लाड नाहीत. आपल्याला सुखाचं वाटणारं २२ अंश सेल्सिअस उंदराला गार असतं. ज्या तापमानात त्याच्या शरीराला ऊब टिकवायला जास्तीची शक्ती खर्चावी लागत नाही ते ३० अंशांच्या आसपास आहे. ही तफावत तो घरटं करून, एकमेकांना चिकटून झोपून भरून काढतो. याचा अर्थ खोली ३० अंशांवर ठेवावी असा नाही. गार खोलीत तो घरट्यात शिरू शकतो, तापलेल्या बंद टाकीत मात्र त्याला जायला जागा नसते. घाम येत नाही, उष्णता सोडायला मुख्यतः शेपटीच असते. खोली २० ते २४ अंश, ऊन थेट पडणार नाही आणि वाऱ्याचा झोत लागणार नाही अशी, एवढं पुरे.

आता सफाई, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून धुवा’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. सगळं धुतलं की उंदरांना घर परकं होतं, ते पहिल्याच रात्री दुप्पट जोमाने लघवीच्या खुणा करतात, म्हणजे वास कमी होण्याऐवजी वाढतो. नरांमध्ये तर मारामाऱ्या होतात. पद्धत अशी: रोज किंवा दिवसाआड लघवीचा कोपरा आणि लेंड्यांचा ढीग तेवढा काढायचा. आठवड्याला एक तृतीयांश भुसा बदलायचा. पूर्ण घर तीन-चार आठवड्यांनी, आणि त्या वेळी कोरड्या घरट्याचा मोठा हिस्सा जसाच्या तसा नव्या भुशावर ठेवायचा. घरट्याचं कोरडं सामान परत दिल्याने भांडणं कमी होतात, लघवीने भिजलेला भुसा परत टाकला तर वाढतात; दोन्हींत गल्लत करू नका.

धुवायला पातळ व्हिनेगर किंवा साधा साबण, मग भरपूर पाणी. लघवीने माखलेल्या ट्रेवर ब्लीच ओतू नका, अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू तयार होतो. ब्लीच वापरायचंच असेल तर ट्रे आधी साबणाने स्वच्छ धुवून.

नाकाला अमोनिया जाणवायला लागला की तोंड भुशाच्या पातळीवर राहणाऱ्या प्राण्याला तो कधीचाच सोसावा लागलेला असतो. पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा श्वसनसंसर्ग सर्रास असतो, अमोनिया त्याला उचल देतो.

बाटली, वाटी, दाणे

बाटली चांगली आहे. ७५-८० मिलि क्षमता, स्टीलची नळी, टोकाला छर्रा. एक उंदीर दिवसाला पाच ते आठ मिलि पाणी पितो, म्हणजे तीन उंदरांना ती तीन दिवस पुरते. तरी पाणी रोज बदला. बाटल्या दोन प्रकारे फसवतात. छर्रा अडकतो किंवा आत हवेचा बुडबुडा अडून बसतो, आणि भरलेली बाटली बघून आपण निश्चिंत राहतो. रोज बोटाने छर्रा दोन-तीनदा आत ढकला, बुडबुडा वर गेला पाहिजे. बाटलीवर पेनने पातळीची रेघ मारून ठेवली तर सकाळी कळतं. दुसरी फसवणूक उलटी: नळीचं टोक भुशाला टेकलं की भुसा पाणी ओढून घेतो आणि रात्रीत बाटली रिकामी, घर ओलं. टोक भुशाच्या पाच सेंमी वर ठेवा आणि खणकाम करून ढीग वर आला आहे का ते बघत जा. डब्याच्या आत बाटली टांगायची असेल तर धातूचं कवच लागतं. दुसरी बाटली जोडीला असावीच.

वाटी चिनी मातीची असेल तर ठेवा, प्लॅस्टिकची असेल तर कुरतडली जाईपर्यंत ठेवा. खरं तर तिची फारशी गरज नाही, रोजचे दाणे भुशात विखरून टाकले तर उंदराला रात्रभर शोधायचं काम मिळतं. एका उंदराला दिवसाला चार-पाच ग्रॅम कोरडं खाणं पुरतं.

पाकिटातलं मिश्रण दिसायला फार सुंदर: सूर्यफूल, मका, रंगीत कुरकुरीत तुकडे, हिरव्या गोळ्या. उंदीर त्यातलं सूर्यफूल आणि मका निवडतो, हिरव्या गोळ्या ठेवतो; जीवनसत्त्वं आणि प्रथिनं नेमकी त्या गोळ्यांत असतात. वाटी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरू नये हा उपाय अर्धाच. उंदरांसाठीच्या एकजिनसी गोळ्या, प्रथिनं १४ ते १६ टक्के, हा आहाराचा पाया ठेवा आणि संचातलं मिश्रण त्यात पाचवा हिस्सा म्हणून विखरायला वापरा. तेवढ्यावर ते पाकीट ठीक आहे. गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला जास्त प्रथिनं लागतात. उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा दिवसाआड द्यावा. ताज्यात काकडी, गाजर, ब्रोकोली, प्रत्येकी नखाएवढा तुकडा, एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि उरलेलं सकाळी काढून टाकायचं. चॉकलेट, कांदा, लसूण, कच्च्या शेंगबिया नाहीत. उंदराला उलटी करता येत नाही, चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही.

मिठाची चकती बाद. गोळ्यांत क्षार पुरेसे असतात, आणि चकती ओलाव्याने पाझरून तार गंजवते.

नळ्या, घरकुल, चेंडू

पारदर्शक नळ्या पिंजऱ्याबाहेर जोडून त्यातून उंदीर फिरताना बघायचा, ही खोक्यावरची कल्पना. जोडांत लघवी साचते, आत बाफ धरते, वळणात गाभण मादी अडकते, सांधा कुरतडला की सुटका. जोडू नका. पण पाच सेंमी आतल्या व्यासाचा, दहा-बारा सेंमी लांबीचा एक सरळ तुकडा ठेवून घ्या, कारण या खोक्यातली सर्वांत चांगली वस्तू हीच.

उंदीर उचलायची सर्वांना ठाऊक असलेली रीत म्हणजे शेपटी धरणं. शेपटीच्या टोकाला धरलं तर तिची कातडी मोज्यासारखी निघून हातात येऊ शकते. बुंध्याशी धरलं तर ते होत नाही, पण भीती बसते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिलं की शेपटीने उचललेले उंदीर हाताला टाळत राहतात, तर नळीत घेऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले स्वतःहून हाताजवळ येतात. तेव्हापासून अनेक प्रयोगशाळांनी नळीची पद्धत उचलली. घरी ती अशी करायची: नळी कायम घरातच राहू द्या, म्हणजे तिला त्यांचाच वास राहतो. उचलायच्या वेळी ती भिंतीला समांतर आडवी ठेवा, दुसऱ्या हाताने उंदराला मागून हळूच तिच्याकडे वळवा. आत शिरला की दोन्ही तोंडांवर सैल हात धरून उचला आणि ओंजळीत तिरपी करा. पाठलाग करू नका, वरून झडप तर नाहीच. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. दिवसाला पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठका पुरतात.

मुलांना हे नळीचं तंत्र शिकवणं ‘नीट धर’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं. बसून, मांडीवर टॉवेल पसरून, मोठं माणूस शेजारी. उंदीर उडी मारतो आणि उभ्या मुलाच्या हातातून पडला तर जखमी होतो. आधी आणि नंतर हात धुणं दोघांच्या भल्याचं आहे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने पिंजऱ्याची सफाई करू नये आणि उंदीर हाताळू नयेत. एलसीएम नावाचा विषाणू उंदरांत लक्षणांशिवाय असू शकतो आणि तो गर्भाला अपाय करतो. रानटी घरउंदरांकडून तो पाळीव उंदरांत येतो, त्यामुळे दाण्यांचे डबे घट्ट झाकणाचे हवेत.

घरकुलाला एकच दार असतं. दांडगट उंदीर दारात बसतो आणि दुबळा आत किंवा बाहेर अडकतो. तापवलेल्या चाकूने दुसरं दार पाडा, तळ काढून टाका, छताला चार भोकं पाडा, मग चालेल. पुठ्ठ्याचा डबा याहून बरा आणि भिजला की फेकता येतो.

चेंडूबद्दल दोनच वाक्यं. हवेच्या चिरांत बोटं आणि शेपटी अडकते, आत हवा कोंडते आणि मिशांनी वाट काढणाऱ्या प्राण्याला भिंतीचा स्पर्शच मिळत नाही. कचऱ्यात.

खोक्यावर जे छापलेलं नसतं

चित्रात बहुधा दोन उंदीर असतात. कुठले दोन, हे महत्त्वाचं. नर आणि मादी आणले तर १९ ते २१ दिवसांत सहा ते बारा पिल्लं, आणि व्यायल्यानंतर चोवीस तासांच्या आसपास मादी पुन्हा माजावर येते. म्हणजे पहिली पाजत असतानाच दुसरी पोटात. पिल्लंही पाच-सहा आठवड्यांत वयात येतात, म्हणून नर पिल्लं चार आठवडे पूर्ण होताच वेगळी करावी लागतात. पारख शेपटीखाली: लघवीचं आणि गुदाचं द्वार यांतलं अंतर नरात मादीच्या जवळपास दुप्पट. दोघं शेजारी ठेवून बघितलं तर चूक होत नाही, एकटा बघितला तर होते. नवव्या-दहाव्या दिवशी केस फुटायच्या सुमारास मादी पिल्लांच्या पोटावर स्तनांचे ठिपके दिसतात, नरांना ते नसतात. तेव्हाच लिहून ठेवलं तर पुढचा गोंधळ टळतो.

घरासाठी सगळ्यात शांत व्यवस्था तीन किंवा चार माद्यांची. दोन ठेवल्या तर एक गेल्यावर दुसरी एकटी पडते, आणि आयुष्य दीड ते अडीच वर्षांचंच असल्याने ती वेळ लवकर येते. प्रौढ नर एकत्र ठेवले तर बहुतेकदा रक्त निघेपर्यंत भांडतात. एकट्या नराला मोठं चाक, खोल भुसा आणि रोज माणसाची सोबत हवी. किंवा उंदरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून खच्चीकरण करून, किमान तीन आठवडे थांबून, माद्यांसोबत. नराच्या लघवीचा वास जास्त उग्र असतो आणि तिच्यातल्या प्रथिनांचीच माणसांना अ‍ॅलर्जी होते; घरात दमा असेल तर आणण्याआधी विचार करा.

संचात नसलेली आणि आम्ही लगेच घ्यायला लावू अशी एक वस्तू: एक ग्रॅमपर्यंत वाचता येणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रौढ उंदीर २० ते ४० ग्रॅमचा. वाटीत नळीसकट ठेवून दर आठवड्याला वजन लिहा. तीस ग्रॅमच्या उंदराचे तीन ग्रॅम कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. केस उभे, पाठ कुबडी, डोळे अर्धे मिटलेले, श्वासात चटचट आवाज, यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्य. खाजवून खाजवून मानेमागे खपल्या आल्या तर बहुधा माइट, म्हणजे कातडीवरची सूक्ष्म कीड. औषध वजनावर मोजून द्यायचं असतं, कुत्र्या-मांजरांचा थेंब अंदाजाने टाकला तर उंदीर दगावतो. मिशा किंवा केस कैचीने कापल्यासारखे सपाट दिसले आणि कातडी नितळ असेल तर तो आजार नाही, वरचढ साथीदार ते कुरतडतो. वयस्क मादीच्या काखेत किंवा जांघेत गाठ आली तर ती स्तनग्रंथीची असण्याचीच शक्यता जास्त, उंदरात ही ग्रंथी काखेपासून जांघेपर्यंत पसरलेली असते. पिवळे-नारिंगी दात मात्र निरोगीपणाचं लक्षण, घाबरू नका.

पिंजरा स्वयंपाकघरात नको, टीव्ही आणि सतत चालू चार्जरच्या शेजारी नको. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ८०-९० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज उंदीर ऐकतो, उंदीर पळवायची अल्ट्रासाउंड यंत्रं तर त्याच खोलीत लावूच नका. उंदराला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, तेव्हा रात्री बघायचं असेल तर मंद लाल दिवा लावा.

राहता राहिला तो खोक्यातला छोटा पिंजरा. सळ्यांना आतून ६ मिमीची जाळी पक्क्या तारेने बांधून घ्या, तळाला टिश्यू आणि घरच्या घरट्यातला मूठभर कोरडा कागद घाला, वरून अर्धा कपडा टाका. पशुवैद्याकडे न्यायला, सफाईच्या तासाभरासाठी आणि आजारी उंदराला नजरेखाली ठेवायला तो अगदी योग्य मापाचा आहे. प्रवासात बाटली लावू नका, धक्क्याने ती ठिबकते आणि भिजलेला उंदीर गारठतो. काकडीचे दोन जाड काप ठेवले की पाण्याचं काम भागतं. पोचल्यावर बाटली.